चुनखडकाचे रान : बेमाराहा राखीव क्षेत्र आणि आपली चुनखडीची जमीन

चैत्र-वैशाखात सगळे शिवार वाळून गेलेले असते, त्या दिवसांत शाळेच्या आवारात, एस.टी. स्थानकासमोर आणि सडकेच्या दुतर्फा गुलमोहर लालभडक फुललेला दिसतो. हे झाड इतके ओळखीचे झाले आहे की ते आपल्याच मातीतले आहे असे बहुतेकांना वाटते. वास्तविक गुलमोहर हा मादागास्कर बेटावरचा. सन १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत शोभेसाठी पसरला. परंतु रानटी अवस्थेत तो त्या बेटाच्या पश्चिम व उत्तर भागांतील कोरड्या पानझडी जंगलांतच आढळतो, आणि त्यांतील बरीच जंगले चुनखडकावर उभी आहेत. आपल्या अंगणातील सदाफुलीही मूळची मादागास्करचीच. तिच्यापासून मिळणारी द्रव्ये रक्ताच्या कर्करोगावरील औषधांत वापरली जातात.

चुनखडीच्या जमिनीत झाडे पिवळी पडतात, हा आपला अनुभव. मग निव्वळ चुनखडकावर शेकडो जातींची झाडे कशी वाढतात, असा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या मनात येईल. या प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी उत्तम रीतीने पाहावयास मिळते, ते म्हणजे मादागास्करमधील 'त्सिंगी द बेमाराहा' हे राखीव क्षेत्र. प्रस्तुत लेखात या क्षेत्राची माहिती दिली असून, त्यावरून आपल्या चुनखडीयुक्त जमिनींबाबत काय बोध घेता येईल याची चर्चा केली आहे.

स्थान व स्थापना

मादागास्कर हे आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरात असलेले मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. बेटाच्या पश्चिम भागात, मोरोंडावा या किनाऱ्यावरील शहराच्या उत्तरेस, बेमाराहा नावाचे चुनखडकाचे पठार दक्षिणोत्तर पसरले आहे. दक्षिणेस मानांबोलो नदीने हे पठार कापून खोल घळ तयार केली आहे. नदीच्या पात्रापासून काही ठिकाणी ३०० ते ४०० मीटर उंचीचे कडे सरळ उभे आहेत.

फ्रेंच राजवटीत, सन १९२७ मध्ये, हा प्रदेश राखीव म्हणून जाहीर करण्यात आला. त्याचे क्षेत्र सुमारे दीड लाख हेक्टर आहे. सन १९९० मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या यादीत आलेले मादागास्करमधील हे पहिले ठिकाण होय. सन १९९७ मध्ये दक्षिणेकडील भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व तो पर्यटकांना खुला झाला. पुढे २०२३ साली या वारसास्थळाचा विस्तार करून बेटावरील इतर काही कोरडी जंगलेही त्यात घेण्यात आली आणि 'आंद्रेफाना कोरडी जंगले' असे नाव देण्यात आले. मालागासी भाषेत आंद्रेफाना म्हणजे पश्चिम दिशा.

हा खडक कोठून आला?

चुनखडक हा ज्वालामुखीतून निघालेला खडक नव्हे. उथळ, उबदार समुद्रात शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. त्यांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याची असतात. हे जीव मेले की कवचे तळाशी साचतात, थरांवर थर चढतात व दाबाने त्यांचा खडक होतो. बेमाराहाचा चुनखडक सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी अशाच रीतीने तयार झाला.

या ठिकाणी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी आफ्रिका व मादागास्कर यांच्यामध्ये नवा समुद्र आत शिरत होता, आणि मादागास्करच्या दुसऱ्या बाजूस आपला भारत चिकटलेला होता. भारत मादागास्करपासून अलग झाला तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्या काळ्या पाषाणापासून आपली काळी जमीन बनली. म्हणजे ज्या बेटावरून गुलमोहर आला, ते एके काळी आपले शेजारी होते.

दगडाच्या सुया कशा झाल्या?

बेमाराहा पठाराचे वैशिष्ट्य म्हणजे तेथील 'त्सिंगी'. हजारो टोकदार सुळके एकमेकांना लागून उभे आहेत. काही पुरुषभर उंचीचे, तर काही ७० ते १०० मीटरपर्यंत उंच आहेत. त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. जेथे अनवाणी चालता येत नाही अशी जागा, असा त्सिंगी या शब्दाचा अर्थ सांगतात.

हे सुळके पाण्याने कोरले आहेत. पावसाचे पाणी हवेतून खाली येताना थोडा कार्बन डायऑक्साईड वायू शोषून घेते. जमिनीत मुरताना मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला हाच वायू त्यात आणखी मिसळतो. असे पाणी सौम्य आम्लधर्मी होते. चुनखडक शुद्ध पाण्यात फारसा विरघळत नाही, पण या सौम्य आम्लात तो कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळून वाहून जातो. खडकात उभ्या-आडव्या भेगा असतातच. पाणी त्या भेगांतून खाली जाते, भेगा रुंदावतात, त्यांच्या घळी होतात, जमिनीखाली गुहा तयार होतात, काही ठिकाणी गुहांची छते कोसळतात आणि मध्ये उरलेला खडक भिंतींच्या व सुळक्यांच्या रूपाने उघडा पडतो. त्यावर थेट पडणारा पाऊस वरची टोके आणखी धारदार करतो.

ठिबक संच वापरणाऱ्या बागायतदारांना याच क्रियेची दुसरी बाजू परिचित आहे. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तोटीच्या तोंडाशी पाणी सुकताना पुन्हा चुना होऊन बसते आणि तोटी बंद पडते. गुहेच्या छतावरून लोंबणारे चुन्याचे खांब व आपल्या तोटीतील पांढरा खडा हे एकाच क्रियेचे फळ होय.

पाऊस व पाणी

या भागात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्रमाण आपल्या पूर्व विदर्भाशी मिळतेजुळते आहे. तो मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात पडतो, कारण हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. आपण हरभरा काढतो तेव्हा तेथील पावसाळा संपत आलेला असतो. त्यानंतर सहा ते आठ महिने जवळजवळ कोरडे जातात.

चुनखडकाच्या माथ्यावर पाणी थांबत नाही. ते भेगांतून थेट खाली उतरते. म्हणून भर पावसाळ्यानंतरही सुळक्यांचा माथा वाळवंटासारखा रखरखीत असतो. परंतु हे पाणी नाहीसे होत नाही. ते पठाराच्या पोटात साठते आणि पायथ्याशी, पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजूंना, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. खालच्या सखल भागातील ओढे, तळी व भातखाचरे यांना या पाण्याचा आधार मिळतो. भात हे मादागास्करच्या लोकांचे मुख्य अन्न. तेव्हा वरच्या दगडी रानात काहीच पिकत नसले तरी खालच्या खाचरातील भाताच्या दाण्यात त्या रानाचा वाटा असतो.

येथे एक सावधगिरीही लक्षात ठेवावयास हवी. मातीच्या थरातून झिरपणारे पाणी गाळले जाते. भेगांतून धावणारे पाणी गाळले जात नाही. माथ्यावर जे पडेल ते थोड्याच वेळात झऱ्यात येते. जंगल जळाले तर राख व उघडी पडलेली माती भेगांतून खाली जाते, झरे गढूळ होतात आणि पाणी एकदम वाहून जाऊन पुढे टंचाई होते. म्हणून चुनखडकाच्या प्रदेशात माथ्यावरील झाडोरा राखणे म्हणजेच पायथ्याचे पाणी राखणे होय.

वनस्पती : दगडावर कशा जगतात?

एकाच ठिकाणी, शंभर मीटरच्या अंतरात, येथे तीन प्रकारच्या परिस्थिती आढळतात.

(१) सुळक्यांचा माथा : येथे माती जवळजवळ नाही, ऊन प्रखर आणि दगड तापलेला. येथे जाड खोडात पाणी साठवणारी पॅकिपोडियमसारखी झुडपे, काटेरी व मांसल वनस्पती वाढतात. त्यांची पाने लहान असतात किंवा कोरड्या दिवसांत गळून पडतात.

(२) मधल्या भिंती व कपारी : वाऱ्याने आलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा व कुजलेला पाला यांची ओंजळभर माती कपारीत साचते. वड-पिंपळाच्या कुळातील झाडे तेथे रुजतात आणि आपली मुळे भिंतीवरून कित्येक मीटर खाली, ओलाव्यापर्यंत सोडतात. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो, तसाच हा प्रकार.

(३) घळींचा तळ : येथे सावली असते, वारा कमी असतो आणि वरून वाहून आलेला पालापाचोळा साचून काळी, सेंद्रिय माती तयार झालेली असते. आबनूस व शिसवीच्या कुळांतील उंच झाडे या तळाशी वाढतात. बाहेरचे रान उन्हाळ्यात निष्पर्ण झाले तरी घळीत हिरवळ टिकून राहते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चुनखडकावर ही झाडे पिवळी का पडत नाहीत? याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, लक्षावधी वर्षांत या जागी चुना सोसणाऱ्या जातीच टिकल्या, बाकीच्या केव्हाच नाहीशा झाल्या. दुसरे असे की, झाड प्रत्यक्षात निव्वळ खडकावर जगत नाही. ते खडकावरील सेंद्रिय मातीच्या पातळ थरावर जगते. पाला कुजताना निघणारी सेंद्रिय आम्ले मुळांजवळ लोह, जस्त यांसारखी अन्नद्रव्ये विरघळलेल्या रूपात धरून ठेवतात. हा थर गेला की उरतो तो फक्त दगड.

वन्यजीव

मादागास्कर दीर्घकाळ इतर भूखंडांपासून अलग राहिल्यामुळे तेथील बहुसंख्य प्राणी व वनस्पती जगात अन्यत्र आढळत नाहीत. बेमाराहात तर काही जाती केवळ या खडकाळ रानापुरत्याच मर्यादित आहेत.

आपल्याकडील वानरांच्या जागी तेथे लेमूर आहेत. डेकेनचा सिफाका हा पांढऱ्याशुभ्र केसांचा लेमूर धारदार सुळक्यांवरून सहज उड्या मारत जातो, आणि त्याला इजा होत नाही. तो पाने, फुले व फळे खातो. निशाचर असा एक लहान लोकरी लेमूर १९९० साली प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला. नवी जात म्हणून त्याचे वर्णन २००५ मध्ये झाले आणि लेमूरांविषयी आस्था असलेले इंग्रज नट जॉन क्लीज यांचे नाव त्याला देण्यात आले. अंगावर काट्यांचे चिलखत असावे असा दिसणारा एक छोटा सरडा घळीतील पाल्यात राहतो व तो याच भागात सापडतो. केवळ येथेच आढळणारा एक मोठा रानउंदीरही आहे. मांजरासारखा दिसणारा पण मुंगसाच्या नात्यातला फोसा हा येथील प्रमुख शिकारी प्राणी. नदी व तळ्यांच्या काठी मादागास्करचा मत्स्यगरुड दिसतो. त्याची संख्या जगात फारच थोडी उरली आहे.

या प्राण्यांचे रानाला मोठे साहाय्य होते. फळे खाणारे लेमूर बिया दूरवर, कपाऱ्या-कपाऱ्यांत पोचवतात. त्या कड्यांवर माणसाने रोप लावावयाचे म्हटले तरी ते शक्य होणार नाही.

माणसे, गुरे आणि आग

बेमाराहाच्या परिसरात प्रामुख्याने साकालावा लोक राहतात. भात, मका आणि गुरे हा त्यांच्या उपजीविकेचा आधार आहे. त्यांची गुरे वशिंडाची, आपल्या गाईबैलांच्याच कुळातील आहेत. घरात गुरे किती यावरून माणसाची पत ठरते.

मानांबोलोच्या कड्यांतील कपाऱ्यांत तेथील प्राचीन रहिवाशांची थडगी आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवणे निषिद्ध मानतात. अशा निषेधांना तेथे 'फादी' म्हणतात. अमुक रानात कुऱ्हाड चालवू नये, अमुक प्राणी मारू नये, असे फादी ठिकठिकाणी पाळले जातात. आपल्या सह्याद्रीतील देवराया अशाच श्रद्धेने टिकल्या. सरकारी कायदा येण्यापूर्वी पुष्कळ वर्षे रानाचे रक्षण या निषेधांनी केले आहे.

तथापि रानावर संकट आहेच, आणि ते मुख्यतः आगीचे आहे. कोरड्या दिवसांत वाळलेले गवत गुरे खात नाहीत. ते पेटवले की मुळांतून कोवळे कोंब फुटतात व गुरांना चार दिवस चारा मिळतो. म्हणून दरवर्षी गवताळ भाग पेटवले जातात. ही आग रानाच्या कडेला पोचते आणि कडेची झाडे दरवर्षी थोडी थोडी मागे हटतात. आपल्याकडे डोंगरांवर लागणाऱ्या वणव्यांची कथा यापेक्षा फार वेगळी नाही.

दुसरा प्रकार म्हणजे जंगल तोडून, जाळून त्या जागी मका घेणे. पश्चिम मादागास्करच्या सपाटीवरील कोरड्या जंगलांचे मोठे क्षेत्र या पद्धतीने नष्ट झाले आहे. राखेमुळे पालाश व चुना मिळतो, तणही नसते, त्यामुळे पहिली दोन-तीन पिके चांगली येतात. नंतर उत्पादन घसरते, तण माजते आणि शेतकरी पुढचा तुकडा जाळतो. सुळक्यांचा भाग यातून बराच वाचला, कारण उघड्या दगडावरून आग पुढे सरकत नाही आणि तेथे नांगरही चालत नाही. पण त्याच्या भोवतीच्या सपाट भागाला असे संरक्षण नाही.

आग लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याच्याजवळ साठवलेली वैरण नसते, खत विकत घेण्यास पैसा नसतो, आणि राखीव क्षेत्राची हद्द आखली गेली तेव्हा त्याच्या पूर्वजांचे चराईचे रान तिच्या आत गेले. पर्यटनातून मार्गदर्शक, स्वयंपाकी, नावाडी अशी कामे मिळतात. परंतु पावसाळ्यात रस्ते बंद होतात व हे उत्पन्न थांबते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे पर्यटक येणे बंद झाले, तेव्हा या मिळकतीवर किती विसंबावे हे सर्वांनाच कळून आले. जंगल राखण्याचा लाभ साऱ्या जगाला आणि त्याची किंमत मात्र कडेच्या गावाला, ही अडचण मादागास्करमध्ये आहे, तशी आपल्या अभयारण्यांच्या कडेलाही आहे. वैरण साठवणे, त्याच जमिनीत दरवर्षी पीक येईल अशी सुपीकता राखणे आणि पायथ्याच्या पाण्याचा वापर गावाने मिळून ठरवणे, एवढे झाले तरच रानातील आग कमी होईल. हे केवळ पहारेकऱ्यांचे काम नाही, ते शेतीचेही काम आहे.

आपली चुनखडीची जमीन

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा असला तरी यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना या भागांत खरा चुनखडक आहे, व त्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. तेथे बेमाराहासारखे सुळके नाहीत. परंतु चुनखडीचा प्रश्न तेवढ्या भागापुरता नाही. कमी पावसाच्या पट्ट्यातील काळ्या जमिनीत पाषाण झिजताना सुटलेला चुना पुरता वाहून जात नाही. तो खालच्या थरात खड्यांच्या रूपाने साचतो.

या बाबतीत घरचाच अनुभव सांगतो. मी शाळेत असताना वडिलांनी तीन एकरांत संत्र्याची बाग लावली. जमीन काळीभोर, विहिरीला पाणी भरपूर. खड्डे खोदताना दोन फुटांखाली पांढरे खडे निघाले. आम्हा मुलांना ते वेचून बांधावर टाकण्याचे काम मिळाले होते. त्या खड्यांचा अर्थ कोणी विचारला नाही. चौथ्या वर्षापर्यंत झाडे जोमदार होती. मुळे खालच्या थरात पोचली आणि कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. वडिलांना वाटले, पाणी कमी पडते. म्हणून पाणी वाढवले. पिवळेपणा वाढला. नवव्या वर्षी, कर्जाचे हप्ते अजून बाकी असताना, बाग तोडावी लागली. पुढे महाविद्यालयात मृदशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात शिक्षकांनी मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले आणि ती फसफसली, तेव्हा मला आमच्या बांधावरचे ते खडे आठवले. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे.

असे का होते? चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या वर असतो. अशा जमिनीत लोह असते, पण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकलेले असते. जस्ताचेही तसेच. स्फुरद दिले तर ते चुन्याशी संयोग पावून पिकास मिळेनासे होते. पाणी जास्त दिले की मातीतील हवा कमी होते, कार्बन डायऑक्साईड कोंडतो, बायकार्बोनेट वाढते आणि मुळांना लोह घेणे आणखी अवघड जाते. बेमाराहाचा खडक कोरणारी जी क्रिया, तिनेच आमची बाग पिवळी केली. फरक एवढाच की तेथे चुना वाहून जातो, आणि भारी जमिनीत निचऱ्याअभावी तो जागीच राहतो.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

(१) फळबाग लावण्यापूर्वी ०-३०, ३०-६० व ६०-९० सें.मी. अशा तीन थरांतील मातीचे नमुने वेगवेगळे घेऊन तपासावेत. केवळ वरच्या मातीचा नमुना फळझाडांसाठी पुरेसा नाही.

(२) मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असल्यास संत्रा-मोसंबीची लागवड करू नये. अशा जमिनीत बोर, चिंच, सीताफळ यांसारखी काटक फळझाडे घ्यावीत. खडकावर टिकतील अशीच झाडे बेमाराहाच्या रानात उरली. आपणही जमिनीला मानवेल तेच झाड निवडावे.

(३) खालच्या थरात चुनखडी असल्यास खोल नांगरट करून ती वर आणू नये.

(४) शेणखत, कंपोस्ट, ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत नियमित द्यावे. काडीकचरा व पालापाचोळा जाळू नये. चुनखडीच्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ हा पिकाचा खरा आधार आहे.

(५) स्फुरदयुक्त खत फेकून न देता पेरून, मुळांजवळ द्यावे. फेरस सल्फेट व झिंक सल्फेट जमिनीत द्यावयाचे झाल्यास शेणखतात मिसळून द्यावे.

(६) पाने पिवळी पडल्यास अर्धा टक्का फेरस सल्फेटच्या द्रावणात थोडे सायट्रिक आम्ल मिसळून, ऊन कमी असताना फवारणी करावी. हा तात्पुरता उपाय आहे, तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

(७) पिवळेपणा दिसताच पाणी वाढवू नये. प्रथम निचरा पाहावा.

(८) ठिबक संचात क्षार बसत असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ल प्रक्रिया करावी. द्रावण करताना नेहमी पाण्यात आम्ल टाकावे, आम्लात पाणी कधीही टाकू नये. हातमोजे व चष्मा वापरावा.

(९) माळरान व बांधावरील गवत पेटवू नये. ते कापून साठवावे किंवा आच्छादनासाठी वापरावे. गावाच्या डोंगरावर उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून ठेवाव्यात.

(१०) विहिरीच्या वरच्या बाजूस, भेगाळ खडक उघडा असेल तेथे, शेणखताचे उकिरडे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या व फवारणी पंप धुतल्याचे पाणी टाकू नये. भेगांतून ते थेट विहिरीत उतरते.

समारोप

बेमाराहाचा प्रदेश मुख्यतः त्यातील सुळक्यांसाठी व लेमूरांसाठी राखला गेला. परंतु त्याचा लाभ पायथ्याच्या भातखाचरांनाही मिळतो. दगडाच्या कपारीतील ओंजळभर काळी माती तयार होण्यास फार मोठा काळ लागला आणि एका आगीत ती नाहीशी होऊ शकते. आपल्या शेतातील वरचा वीतभर थर त्याच मोलाचा आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा बाग लावण्याचा विचार असेल तर रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी शेतात तीन फूट खोल खड्डा घ्यावा आणि खालची माती हातात घेऊन पाहावी. पांढरे खडे निघाले तर ते बांधावर फेकून न देता मातीच्या नमुन्याबरोबर जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत घेऊन जावे.